एकोणीस वर्षांचं माळवद

आमच्या घरात इंग्रजी पहिल्यांदा आलं ते कुर्डुवाडीच्या मोटारीच्या टपावर बसून. शेजारी कोंबड्यांच्या पाट्या होत्या, एक मोडकी सायकल होती, आणि त्यांच्यामधे मेणकापडात शिवलेलं माझ्या नावाचं पार्सल. मुंबईची एक संस्था टपालानं बांधकामाची पदविका द्यायची. त्याची जाहिरात मला गूळ बांधून आलेल्या एका जुन्या वर्तमानपत्रात सापडली होती. परंडा निजामाच्या राज्यात आणि कुर्डुवाडी इंग्रजाच्या, त्यामुळे पार्सल आधी कुर्डुवाडीच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे उतरायचं आणि मग मोटारीनं सरहद्द ओलांडायचं. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका. तिथल्या जमादारानं ते पहिलं पार्सल उकललं, आतला नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि मला विचारलं, "हे काय हाय?" मी म्हणालो, "पूल." "कुठला पूल?" "अजून कुठलाच न्हाय, कागदावरचा हाय." त्यानं जरा विचार केला, कागदावरच्या पुलाला जकात लागत नसावी असं ठरवलं आणि मला जाऊ दिलं.

मी मस्तान मिस्त्रीचा मुलगा, दस्तगीर. मस्तान मिस्त्री म्हणजे माझे अब्बा, परंड्यातले नावाजलेले गवंडी. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण नुसत्या डोळ्यानं भिंत ओळंब्यात आहे की नाही ते सांगायचे, आणि मग ओळंबा लावून आम्ही त्यांचं खरं करायचो. घरातलं आमचं बोलणं दख्खनी, पण अब्बांचा राग आणि बांधकाम ही दोन्ही मराठीत चालायची, कारण त्यांची सगळी हयात मराठी गड्यांबरोबर परांचीवर गेली होती. मी उर्दू शाळेत शिकलो, म्हणून आकडेमोड मनात उर्दूत व्हायची. फूट आणि इंच मुंबईहून इंग्रजीत यायचे. अब्बांचे हात आणि वीत मराठीत. एक साधी खोली मोजायची तर माझ्या डोक्यात तीन भाषांचा बाजार भरायचा. पण खरं सांगतो, मला कधी भीती वाटली नाही. जे अब्बा डोळ्यानं करतात ते कागदावर उतरवायला कितीसं अवघड असणार, असा माझा हिशेब होता. अठरा वर्षांच्या मुलाचा हिशेब तो, आता हसू येतं, पण त्या गुर्मीशिवाय मी दुसऱ्या पुस्तकापर्यंतही पोचलो नसतो.

दिवसभर अब्बांच्या हाताखाली काम, आणि पहाटे फजरच्या नमाजानंतर माळवदावर अभ्यास. आता सगळीकडे स्लॅब झाले, म्हणून माळवद म्हणजे काय ते सांगायला हवं. लाकडी तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर कडुनिंबाचा पाला, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यांत वर पांढरी खारी माती, असं ते सपाट छप्पर. आमच्याकडची घरं एकमेकांना लागून, त्यामुळे माळवदंही लागून. एका टोकाला चढलेली बाई खाली न उतरता पाच घरं ओलांडून मैत्रिणीकडे जायची. मी तिथं पोत्यावर बसून नकाशे काढायचो. खाली अम्माचं जातं चालायचं आणि गल्लीच्या टोकाला चुन्याची घाणी, बैल फिरला की करकरायची. अम्मा भाकरी थापायला बसली की आवाज द्यायची, "पहले खाना खा ले, फिर किताबां!" ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी, वर शेंगांचं तेल. माझे नकाशे घडी पडू नये म्हणून आपाच्या लग्नासाठी शिवलेल्या गोधड्यांखाली ठेवलेले असत. आपा, म्हणजे माझी मोठी बहीण रुकय्या, म्हणायची की सासरी गेल्यावर गोधडीतून एखादा पूल निघाला तर मी काय उत्तर देऊ.

संस्थेची रीत अशी होती की एक पुस्तक यायचं, त्याबरोबर प्रश्नपत्रिका. उत्तरं लिहून पाठवायची. तिथले कोणी परीक्षक ती लाल शाईनं तपासून परत पाठवायचे. पास झाला तर पुढचं पुस्तक, नाही तर तोच पेपर पुन्हा. दहा पेपर मी शब्दकोशाच्या आधारानं बरे काढले. पदविका हातात आली की तामिरातमधे, म्हणजे सरकारी बांधकाम खात्यात, ओव्हरसियरच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. अकरावा पेपर आला छपरांचा. त्यात एक प्रश्न होता, तुमच्या भागातल्या एखाद्या छपराचं वर्णन करा, त्याचं वजन काढा आणि त्याखालची तुळई ते पेलते का ते दाखवा. मला वाटलं, हा तर घरचाच प्रश्न. आणि खरोखरच तो घरचा निघाला.

आमचं मधघर, म्हणजे घरातली मधली मोठी खोली, गावात प्रसिद्ध होतं. एवढ्या रुंदीच्या खोलीत मधे एक तरी खांब असायचाच. पण अब्बांनी कुठूनशी एक लांबच लांब सागवानी तुळई आणली होती आणि तिच्या जोरावर मधघर मोकळं ठेवलं होतं. कोणाला घर बांधायचं असलं की तो आधी आमच्याकडे यायचा, मधोमध उभा राहायचा आणि मान वर करून बघायचा. "मस्तान मिस्त्रीच्या मधघरात मधे खांब न्हाय," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की ते आमचं आडनावच वाटायचं. हे घर त्यांनी आपा जन्मली त्या वर्षी बांधलेलं.

वजन काढायचं म्हणून मी दुपारी माळवदाच्या एका कोपऱ्यात फूटभर लांब, फूटभर रुंद चौकोन आखला आणि खुरप्यानं माती काढायला लागलो. काढतो, काढतो, माती संपेना. कोपरापर्यंत हात आत गेला. खाली अम्मा पीठ मळत होती. तिच्या परातीत माती पडली आणि तिनं वर तोंड करून माझा, पुस्तकाचा आणि मुंबईचा एकदमच उद्धार केला. आपा वर बघायला आली. त्या खड्ड्याच्या कडेला पट्टे दिसत होते. पांढरी माती, मग धुराची काळसर रेघ, पुन्हा पांढरी माती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडे दर उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आत, माळवदावर नवी पांढरी माती टाकायची चाल. सगळं गाव टाकायचं. जुनी काढायचं कोणाच्या मनात यायचं नाही, कारण जुन्यानं काही बिघडवलेलं नसायचं. आम्ही दोघांनी मिळून ते थर मोजले. एकोणीस. आपा तेव्हा एकोणीस वर्षांचीच होती. ती खड्ड्याकडे बघून म्हणाली, "इत्ती भारी हुई क्या मैं?"

किराणा दुकानातून तराजू आणून मी ती माती तोलली. शेरांचे पौंड केले, माळवदाच्या चौरस फुटांनी गुणलं, तुळईची जाडी मोजली, पुस्तकातलं सूत्र लावलं. आकडा बघून मला वाटलं चूक झाली. पुन्हा केलं. तीन वेळा केलं. पुस्तकाच्या सूत्रानं आमची तुळई तिला झेपेल त्याहून जास्त वजन नुसत्या मातीचंच वाहत होती. वर माणसं चढली तर काय होईल ते लिहायला मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. महिन्याभरावर आपाचं लग्न होतं. आणि आमच्याकडे वरात आली की मोहल्ल्यातल्या झाडून सगळ्या बायका लेकरं काखेला मारून माळवदावर चढतात, ती बघायला.

मी पेपर तसाच पाठवून दिला आणि अब्बांना सांगायला गेलो. ते ओट्यावर बसून थापी धूत होते. मी आकडे सांगितले. ते ऐकत होते, पण थापी धुणं थांबलं नाही.

"तुझ्या पुस्तकात बायकांचं वजन बी लिव्हलंय व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय अब्बा. दाटी असली तर एका फुटाला किती धरायचं ते लिव्हलंय."

"गोऱ्याच्या बायका आसतील त्या."

"अब्बा, तुळईला पोट सुटलंय. तुम्ही बघा तरी."

"एकोणीस वर्सं उभी हाय ती." आता थापी थांबली. "आन् म्या काय करू म्हनतोस? माज्याच पोरीच्या लग्नात लोकास्नी सांगू, मिस्त्रीच्या माळवदावर चढू नगा म्हनून? का मधघरात खांब रोवू? उद्या गावात कोन मला थापी धरू दील?"

 उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देण्याचं वय नव्हतं. पंधरा दिवसांनी मुंबईहून पेपर परत आला. त्या उत्तरावर लाल शाईची मोठी फुली होती आणि खाली लिहिलं होतं की मातीची एवढी जाडी असंभव आहे, असं छप्पर उभंच राहू शकणार नाही, पुन्हा करा. मी तो कागद घेऊन मधघरात बसलो आणि बराच वेळ वर बघत राहिलो. मुंबईच्या म्हणण्याप्रमाणे आमचं घर पडलेलं होतं, अब्बांच्या म्हणण्याप्रमाणे ते पडणार नव्हतं, आणि आम्ही त्याच्या मधोमध बसून जेवत होतो. तेव्हा मात्र मी घाबरलो. पेपर गेला तर पुन्हा लिहिता येतो. आपाच्या लग्नात ते माळवद खाली आलं असतं तर ते कोणी पुन्हा लिहून दिलं असतं?

अब्बांना लाल शाईचा कागद वाचता येत नव्हता, पण माझं तोंड त्यांना वाचता येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रानातून वाळलेल्या ज्वारीचं एक जाड धाट घेऊन आले. मधघरात तुळईच्या बरोबर खाली ते उभं धरलं, विळ्यानं थोडं थोडं कातरत गेले, आणि शेवटी ते जमीन आणि तुळई यांच्यामधे घट्ट बसलं. मग त्यांनी आपली सगळी माणसं घरी बोलावली. गडी, पाथरवट, चिखल तुडवणाऱ्या बाया. त्यांना म्हणाले, "जरा माळवदावर जाऊन इकडून तिकडं चाला." त्या बायांतली हौसाबाई तोंडाची मोठी फटकळ. ती शिडीवरूनच ओरडली, "मिस्त्री, आमास्नी नाचाया लावताव व्हय? पोरीची वरात तर अजून यायची हाय!" वर पावलं वाजायला लागली. बारीक माती झरायला लागली. अब्बा जमिनीवर उकिडवे बसून धाटाकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे. धाट आधी किंचित वाकलं. मग जास्त वाकलं. मग कट्कन मोडलं.

अब्बांनी दोन्ही तुकडे उचलले. वरच्यांना सांगितलं, "उतरा आता, एकेक जन, हळू."  अम्मानं विचारलं, "क्या हुआ की?" तर म्हणाले, "कुछ नहीं." एवढं आयुष्य बांधकामात गेलं, कसली कसली यंत्रं मी वापरली, पण तुळईची नस धाटावर धरणारं असं यंत्र मला पुढं कुठल्या पुस्तकात दिसलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी उठलो तेव्हा मधघरात बाभळीचे दोन जाडजूड खांब उभे होते, तुळईचे तीन सारखे भाग पाडून बरोबर त्या जागी. अब्बा त्यांना लाल आणि हिरवं कापड गुंडाळत होते. आपा वाटीत खळ घेऊन त्यावर चमकीचा कागद चिकटवत होती. मी दारात उभा राहिलो. अब्बांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "मांडवाची शोभा हाय. कुनी इचारलं तर आसंच सांगायचं." मी म्हणालो, "व्हय अब्बा." गल्लीतल्या बायका आल्या, खांबांना हात लावून बघितला आणि म्हणाल्या, असा मांडव परंड्यात कोणी घातला नव्हता. पुढं दोन-तीन लग्नांत लोकांनी हौसेनं मधघरात रंगीत खांब उभे केले, काही गरज नसताना. त्याचं श्रेय कोणाचं ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मटण-डाळीच्या दालच्याचा वास सगळ्या गल्लीत पसरलेला होता, मोठ्या देगांमधे मीठा खाना, म्हणजे गोड भात, शिजत होता, आणि वरातीचा बाजा ऐकू आला तशा बायका शिड्यांवरून भराभर वर चढल्या. वरात आमच्या दारात आली, पण मी ती बघितली नाही. मी मधघरात एका खांबाला पाठ लावून बसलो होतो. वर शंभर पावलं दणदणत होती, पोरं उड्या मारत होती, माझ्या नव्या सदऱ्यावर माती पडत होती. एवढ्यात अब्बा आत आले. डोक्याला नवा रुमाल, अंगाला अत्तर. बाहेर व्याही उभे असताना ते आत आले आणि दुसऱ्या खांबाला हात लावून उभे राहिले. आम्ही दोघं वर बघत होतो. जरा वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, "दस्तू, आता तुजं पुस्तक काय म्हनतं?"

तो हिशेब मी आदल्या दिवशीच करून ठेवला होता. "आता शेजारच्या करमाळ्याच्या समद्या बायका बी आल्या तरी चालतंय अब्बा," मी म्हणालो.

ते हसले. मिशीतल्या मिशीत नाही, चांगले आवाज करून हसले, आणि व्याह्यांना भेटायला बाहेर गेले. मला त्या क्षणी जेवढा आनंद झाला तेवढा पदविकेचा कागद हातात आला तेव्हाही झाला नाही. तो कागद आला तोवर राज्य बदललं होतं, नाका उठला होता आणि तो जमादार कुठं गेला कोण जाणे.

आपा सासरी गेली. घर सुनं झालं. आठवडाभरानं अब्बांनी फावडं उचललं आणि माळवद उकरायला काढलं. आम्ही दोघं आणि हौसाबाई. पाट्याच्या पाट्या माती खाली चालली होती. प्रत्येक थर निघाला की अब्बा त्या वर्षाबद्दल काहीतरी बोलायचे. ह्या साली रुकय्याला गोवर झाला, ह्या साली दस्तू शाळेत गेला. तीन थरांएवढी माती त्यांनी बाजूला राखली, लाकडांवर नवा पाला घातला, त्यावर ती राखलेली माती आणि वर नवी पांढरी अंथरली, आणि मला म्हणाले, "आता मोज." मी पुन्हा चौकोन आखला, पुन्हा तोललं, पुन्हा मधघरात बसून आकडे मांडले. ते समोर उभे होते. हिशेब संपला तसा त्यांनी विचारलं, "काढू का खांब?"

माझ्या आयुष्यात अब्बांनी मला बांधकामातलं काही विचारलं ते पहिल्यांदा. मी आकडे पुन्हा एकदा वरून खालपर्यंत पडताळले. आकडा पक्का होता. मी म्हणालो, "काढा अब्बा." त्यांनी आधी एक नवं धाट कातरून उभं केलं, मग घणानं दोन्ही खांब काढले. आम्ही बघत राहिलो. धाट जागचं हललं नाही. मधघर पुन्हा मोकळं झालं.

मग मी अकरावा पेपर पुन्हा लिहिला. ह्या वेळी अब्बा शेजारी बसले. पाला किती, तो कडुनिंबाचाच का, पांढरी कुठली चांगली, पाणी पन्हाळीकडं जायला उतार किती, सगळं त्यांनी सांगितलं आणि मी इंग्रजीत घातलं. एकोणीस थरांचं चित्र काढलं. धाटाचंही काढलं. माहिती कुठून घेतली ते लिहायला शेवटी एक रकाना होता. तिथं मी लिहिलं, मस्तान मिस्त्री, परंडा. महिन्याभरानं नाक्यावरून पाकीट आलं. त्या उत्तरावर फुली नव्हती. पण अब्बांच्या नावाखाली लाल शाईची रेघ होती आणि समासात प्रश्न होता, हा ग्रंथकार आमच्या माहितीत नाही, ग्रंथाचं नाव काय आणि तो कोठे छापला ते कळवावे.

अब्बा ओट्यावर थापी धूत होते. मी त्यांना प्रश्न मराठीत करून सांगितला. त्यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग थापी उन्हात वाळत ठेवली, हात धोतराला पुसले आणि म्हणाले,

"लिही त्येला. अजून छापलं न्हाय म्हनाव. मानूस जित्ता हाय."